कलावंतांच्या भयकथांचा अँथॉलॉजी चित्रपट: पटकथेपासून सेन्सॉरपर्यंत

प्रश्न थोडक्यात असा आहे. चार दिग्दर्शक मिळून एक मराठी भयपट करणार. चार स्वतंत्र गोष्टी, प्रत्येकीत एक कलावंत: शिल्पकार, छायाचित्रकार, गायिका आणि दशावतारातला नट. या चौघांना बांधणारी एक चौकट. एकूण शंभरेक मिनिटे, पैसा बेताचा. पटकथा कशी बांधायची, शूटला काय सांभाळायचे आणि असे चित्रपट फसतात ते कुठे?

फसतात ते बहुतेक वेळा कागदावरच. गोष्टीतला शिल्पकार काढून तिथे दंतवैद्य बसवला आणि तरीही गोष्ट जशीच्या तशी चालली, तर ती कलावंताची भयकथा नाही. तो झपाटलेल्या घराचाच चित्रपट, फक्त घरात थोडी माती पडलेली. वेडा चित्रकार, शापित कॅनव्हास, रात्री आपोआप वाजणारी सतार हे सगळे प्रेक्षकाने पाहिलेले आहे. भीती त्या कलेच्या कृतीतून आली पाहिजे, म्हणजे हाताने काम करताना जो क्रम असतो त्या क्रमातूनच.

त्यासाठी पटकथेत जागा काढावी लागते. वीस मिनिटांच्या भागात पहिल्या चार मिनिटांतच ते काम एकदा पूर्ण आणि बरोबर होताना दाखवा. साठ ते नव्वद सेकंद द्या, पायऱ्या गाळू नका, पार्श्वसंगीत नको, फक्त कामाचे आवाज. हा क्रम प्रेक्षकाच्या डोक्यात बसला की दुसऱ्या वेळी त्यातली एकच पायरी बदला. पहिल्या वेळी घाई केलीत तर दुसऱ्या वेळी काय चुकले हे कुणालाच कळत नाही आणि मग ते कळवण्यासाठी दणदणीत आवाज घालावा लागतो. मासाकी कोबायाशींच्या ‘क्वायदान’ (१९६४) मधला बिवा हे जपानी तंतुवाद्य वाजवणारा आंधळा होइची या दृष्टीने नीट पाहा. त्याचे वादन इतके चांगले आहे की युद्धात मेलेले सरदार ते ऐकायला त्याला बोलावून नेतात. त्याला वाचवण्यासाठी अंगभर मंत्र लिहिले जातात, ते लिहिताना आपण पाहतो, आणि लिहायचे राहतात ते कान. संकट कलेमुळे आले आणि घात लिहिण्याच्या कामातच झाला. बाहेरून काहीही आणावे लागले नाही.

शिल्पकार

चारही भागांत कमी खर्चात सर्वांत जास्त देणारा हा भाग आहे, म्हणून इथे जास्त लिहितो.

चेहऱ्याचा पोकळ साचा, म्हणजे आत गेलेला चेहरा, ठरावीक उजेडात बाहेर आलेला दिसतो. कॅमेरा हलला की तो चेहरा वळून आपल्याकडे पाहतोय असे वाटते. मेंदू पोकळ चेहरा मानायलाच तयार नसतो, त्याचा हा परिणाम. व्हीएफएक्स (संगणकावरची दृश्य-करामत) लागत नाही, आणि दोन डोळ्यांपेक्षा एका भिंगाला हा भ्रम जास्त चांगला होतो, म्हणून तो कॅमेऱ्यासाठीच केल्यासारखा आहे.

साचा असा करा. नटाचे केस टोपीखाली घ्या, भुवया आणि पापण्यांना व्हॅसलीन लावा, नाकपुड्या मोकळ्या ठेवा. चेहऱ्यावर अल्जिनेट (दंतवैद्य दातांचे ठसे घेतात ती पाण्यात कालवायची भुकटी) लावा. ते काही मिनिटांतच धरते आणि पाणी गार असेल तर थोडा जास्त वेळ मिळतो, म्हणून कामाला दोन माणसे हवीत. एकाने लावायचे, दुसऱ्याने फक्त नाकपुड्यांवर लक्ष ठेवून नटाच्या हाताच्या खुणा पाहायच्या. त्यावर प्लास्टर बँडेजचे दोन-तीन थर द्या. साचा सुटला की लगेच आत प्लास्टर ओता. अल्जिनेट पडून राहिले की सुकते, आकसते आणि नाक वाकडे येते. या पहिल्या ओतकामातून चेहरा मिळतो. त्यावर साबणाच्या पाण्याचे दोन-तीन हात देऊन पुन्हा प्लास्टर ओतले की जो उलटा भाग निघतो, तीच तुमची प्रॉपर्टी, म्हणजे चित्रणात वापरायची वस्तू.

प्लास्टर ऑफ पॅरिस थेट अंगावर, विशेषतः हात बुडवून, कधीही ओतू नका. धरताना ते तापते आणि जाड थर साठ अंशांच्या आसपास जाऊ शकतो. माणूस अडकलेला असताना ते काढता येत नाही आणि गंभीर भाजते. ‘खऱ्यासारखे दिसेल’ म्हणून हट्ट करणारा दिग्दर्शक असेल तर त्याला सेटबाहेर चहा पाजा.

आता चित्रण. साच्याला आतून मॅट, अंगाच्या रंगाचा हात द्या आणि भुवया, ओठ हलके रंगवा. रंगामुळे भ्रम पक्का होतो. उजेड खालून द्या आणि तो पसरट ठेवा. पोकळीत खालून पडलेली सावली डोळ्याला वरून उजेड पडलेल्या उठावदार चेहऱ्यासारखी वाटते. कॅमेरा किमान दोन मीटर लांब, ५० ते ८५ मिमीची लेन्स, स्लायडरवर अर्धा मीटर सावकाश हालचाल. ऑटोफोकस बंद. साच्याची कड दिसली तर सगळे संपते, म्हणून तो भिंतीत किंवा लाकडी चौकटीत समतल बसवा आणि कडेला काळे कापड द्या. सगळ्यात सामान्य चूक म्हणजे बाजूने दिलेला कडक लाइट. कडेची सावली आत पडते आणि खड्डा हा खड्डाच दिसतो.

डोळ्यांचेही असेच. व्यक्तिशिल्पात बुबुळ कोरून खोल करतात आणि त्यात एक बारीक उंचवटा ठेवतात. त्यावर उजेड पडला की नजर जिवंत होते. दिवा हातात धरून चालणारे पात्र असेल तर त्या उंचवट्यावरचा ठिपका सरकतो आणि पुतळ्याची नजर फिरते. ‘बरोबर’ कामाच्या वेळी शिल्पकाराला तो उंचवटा ठेवताना दाखवा. दुसऱ्या वेळी त्याने मुद्दाम तो ठेवलेला नाही आणि तरी डोळ्यात ठिपका आहे. इथे मी संवाद लिहिणार नाही.

शाडूचे काम चालू अवस्थेत हवे असेल तर एकाच पुतळ्यावर विसंबू नका. लाइट्सच्या उष्णतेत माती सुकते, रंग फिका पडतो, भेगा जातात आणि सकाळचा शॉट दुपारच्या शॉटला जुळत नाही. तीन अवस्थांचे तीन पुतळे करा आणि टेक संपला की ओले फडके व वरून प्लास्टिक. गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी शेवटी आणि सराईत हाताने होते. ती गोष्टीसाठी मोहात पाडणारी जागा आहे, पण देवाची मूर्ती भीतीचा विषय करू नका. श्रद्धेचा प्रश्न आहेच, शिवाय पडद्यावर गणपती दिसला की मराठी प्रेक्षक निर्धास्त होतो.

छायाचित्रकार

डार्करूममध्ये कागदावर चित्र उमटते ते खोटे करू नका, खरेच करा. डेव्हलपर (चित्र उमटवणारे रसायन) २० अंशांवर ठेवा. दहा-पंधरा सेकंदांत पहिली छटा दिसते, रेझिन कोटेड (प्लास्टिकचा थर असलेल्या) कागदाला मिनिटभर आणि फायबर कागदाला साधारण दोन मिनिटे लागतात, मग ते उमटणे थांबवणारा स्टॉप बाथ, मग चित्र पक्के करणारा फिक्सर. हा वेळ म्हणजे तयार लिहून मिळालेला तणाव आहे, कापू नका. फोटोत जास्तीचा माणूस हवा असेल तर चित्र संगणकावर जुळवा, त्याची उलटी प्रत पारदर्शक फिल्मवर इंकजेटने छापा आणि ती फोटोच्या कागदाला चिकटून राहील अशी वर काच ठेवून काँटॅक्ट प्रिंट काढा. प्रत्येक टेकला एक कागद जातो, त्यामुळे निदान वीस-पंचवीस कागद आधीच कापून काळ्या पाकिटात ठेवा.

काय बिघडते ते सांगतो. कॅमेरामन सवयीने कोपऱ्यात छोटा पांढरा एलईडी लावतो आणि सगळे कागद काळे पडतात. साधा लाल जिलेटिन (रंगीत पारदर्शक कागद) लावलेला पांढरा दिवाही भरवशाचा नाही. ६२० नॅनोमीटरच्या वरचा शुद्ध लाल एलईडी घ्या आणि आधी एका कागदावर नाणे ठेवून पाच मिनिटे तपासा. डेव्हलप केल्यावर नाण्याची खूण उमटली तर दिवा नापास. दुसरे, डिजिटल सेन्सरवर चारांतला एकच बिंदू लाल पाहतो. त्यामुळे पूर्ण लाल उजेडात चित्र मऊ आणि दाणेदार येते, आणि एक्स्पोजर मीटर ठीक दाखवत असतानाही लाल चॅनेल जळालेला असतो. कॅमेऱ्यातला आरजीबी हिस्टोग्राम (लाल, हिरव्या, निळ्या रंगाचा वेगवेगळा आलेख) पाहा आणि एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) खाली ठेवा. ज्या शॉटमध्ये खरा कागद नाही, तिथे थोडा पिवळट उजेड मिसळा.

याला जोडूनच रक्त. लाल उजेडात लाल रक्त दिसतच नाही, ते पांढऱ्या कपड्यात विरघळून जाते. डार्करूमपुरते रक्त गडद चॉकलेटी करा, बेकरीतले चॉकलेट सिरपही चालते. इतर ठिकाणांसाठी ५०० मिलि लिक्विड ग्लुकोज, १०० मिलि कोमट पाणी, दोन ते तीन चमचे खाण्याचा लाल रंग, एक मोठा चमचा कोको पावडर आणि निळ्या रंगाचे दोन थेंब. कोको आधी पाण्यात कालवा, नाहीतर गुठळ्या राहतात. पृष्ठभागावर थेंब गोळा होत असतील तर भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब टाका, पण तोंडात जाणाऱ्या रक्तात नाही. मुंग्या येतात, उरलेले झाकून ठेवा. शेंदूर चेहऱ्याला किंवा ओठांना लावू नका, त्यात शिसे किंवा पारा असू शकतो.

गायिका

गाणारी नटी घ्या, अभिनय करणारी गायिका चालेल, पण प्लेबॅकवर ओठ हलवणारी नको. क्लोजअपमध्ये गळ्याच्या शिरा आणि श्वास लगेच पकडला जातो. विलंबित आलाप निवडा. तानेला लिपसिंक करणे हा शूटचा अर्धा दिवस घालवण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

तिच्या कामाची पहिली पायरी म्हणजे तानपुरा लावणे. भीती तिथेच आहे. जोडीच्या दोन तारा तंतोतंत जुळल्या की आवाज स्थिर होतो. थोड्या सुटल्या की कंप येतो, आणि त्याचा वेग म्हणजे दोन तारांच्या कंपनसंख्येतला फरक. उदाहरणार्थ काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) मंद्र-मध्याच्या सीमेवरचा षड्ज १३८.६ हर्ट्झ धरला आणि दुसरी तार १४०.६ वर ठेवली, तर सेकंदाला दोन हेलकावे येतात. बायकांचा स्वर काळी चार-पाचच्या आसपास असतो, आकडे बदलतील, हिशेब तोच. आधी तिला तार जुळवताना दाखवा, हेलकावे मंदावत थांबतात ते ऐकू द्या. पुढे कुणीही हात न लावता तो हेलकावा दर अर्ध्या मिनिटाला किंचित वाढवत न्या, अर्ध्या हर्ट्झपासून चार हर्ट्झपर्यंत. प्रेक्षकाला कारण सांगता येणार नाही, पण बेचैनी येते. यासाठी प्रत्येक तार वेगळ्या ट्रॅकवर रेकॉर्ड केलेली हवी. चारही तारांचे एकत्र रेकॉर्डिंग आणलेत तर साउंड डिझायनरला काहीच करता येत नाही.

दशावतारी नट

इथे सूत्र दशावताराच्या पद्धतीतच आहे: आख्यानातले संवाद लिहिलेले नसतात, नट उभ्याउभ्या रचतात. म्हणजे रंगमंचावर अनोळखी पात्र आले तर इतरांना त्याला उत्तर द्यावेच लागते, खेळ थांबवता येत नाही. गोष्ट इतकीच आहे आणि तेवढी पुरते. खऱ्या मंडळातले नट घ्या, प्रसंग सांगा, संवाद देऊ नका, तीन कॅमेरे लावा आणि मधे ‘कट’ म्हणू नका. आलेल्या पात्राने काय बोलायचे हे त्या एका नटालाच ठाऊक असावे.

चौकट

चौकटीत लेखक किंवा कथेकरी ठेवा. लिहिणे ही पडद्यावर सगळ्यात कंटाळवाणी कला आहे, तिला वीस मिनिटे देऊ नका, पण धागा म्हणून ती उत्तम चालते. पॉल लेनींच्या ‘वॅक्सवर्क्स’ (१९२४) या जर्मन मूकपटात मेणाच्या पुतळ्यांच्या प्रदर्शनासाठी गोष्टी लिहायला एक तरुण कवी येतो. खलिफा हारून अल रशीदच्या पुतळ्याचा हात तुटून पडतो आणि कवी तो हात कसा गेला याचीच गोष्ट लिहायला घेतो. चौकटीतला अपघात कथेचे बी झाला. याच चित्रपटात चौथी गोष्टही ठरली होती, पैशांअभावी ती झाली नाही, पण तिचा पुतळा प्रदर्शनात उभाच दिसतो. यातून काय घ्यायचे? चौकट लिहा पहिल्यांदा, शूट करा सगळ्यात शेवटी. चारही भागांचे रफ कट (कच्चे संकलन) हातात आल्यावर कोणता भाग लंगडा आहे, कुठे दोन वाक्यांचा आधार हवा ते दिसते आणि चौकटीतून तो देता येतो. चौकटीतल्या नटांच्या तीन तारखा आधीच बांधून ठेवा.

महाराष्ट्रात चौकट शोधायला लांब जायची गरज नाही. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीची चित्रकथी म्हणजे एकेक चित्र समोर धरून वाद्यांच्या साथीने गोष्ट सांगणे. पान उलटले की नवा भाग. मात्र जुन्या पोथ्या त्या घरांना पूज्य असतात. त्या सेटवर मागू नका. तुमच्या गोष्टींची चार-पाच नवी चित्रे तिथल्याच कलाकाराकडून मोबदला देऊन काढून घ्या, आणि ती भागांचे शूट होण्याआधी काढा, म्हणजे वेशभूषा चित्राला जुळवता येते. उलटे केले तर चित्र फोटोसारखे दिसते.

चौकट सैल असेल तर वितरक भाग काढून टाकतो, आणि घट्ट असेल तरीही काढतो. ‘डेड ऑफ नाइट’ (१९४५) मध्ये चार दिग्दर्शक होते आणि शेवटच्या गोंधळात सगळ्या गोष्टींतली माणसे परत येतात. अमेरिकेत दाखवताना दोन गोष्टी कापल्या, त्यामुळे शेवटी न पाहिलेली माणसे अवतरली. ‘क्वायदान’मधलीही एक गोष्ट तिथे वगळली गेली. तेव्हा करारातच लिहून घ्या की भाग वगळता किंवा क्रम बदलता येणार नाही.

क्रमाबद्दल माझे मत: सगळ्यात जोरदार भाग शेवटी, दुसऱ्या क्रमांकाचा पहिला, सर्वांत छोटा किंवा थोडा विनोदी तिसरा. ‘डेड ऑफ नाइट’मध्येही बोलक्या बाहुल्याच्या भयंकर गोष्टीआधी गोल्फ खेळणाऱ्यांची हलकी गोष्ट येते. लांबी समान ठेवू नका. २४, २०, १४, २८ मिनिटे आणि चौकटीला बारा-चौदा, असे काहीसे. सारखी लांबी असली की तिसऱ्या भागापासून प्रेक्षकाला शेवट कधी येणार ते घड्याळाशिवाय कळते.

चार दिग्दर्शक, एक चित्रपट

शूटच्या आधी एका कागदावर सह्या घ्या. फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रे) सगळ्यांचा बरोबर २४, कुणी २३.९७६ नाही, कुणी २५ नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून शटर १७२.८ अंश म्हणजे १/५० सेकंद, नाहीतर ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी लुकलुकतात. मोबाइलने काही घेणार असाल तर फ्रेम रेट लॉक करणारे अ‍ॅप वापरा. फोनचे स्वतःचे अ‍ॅप तो कमीजास्त करते आणि आवाज हळूहळू सरकतो. थिएटरसाठीची डीसीपी (थिएटरला द्यायची डिजिटल प्रत) एकाच चौकोनात बनते: फ्लॅट १९९८ × १०८० किंवा स्कोप २०४८ × ८५८. एखाद्याला जुन्या फोटोसारखा ४:३ हवा असेल तर तो त्याच चौकोनात बाजूला काळ्या पट्ट्या ठेवून बसवा.

प्रत्येक लोकेशनवर साठ सेकंद रूम टोन, म्हणजे त्या जागेची नुसती शांतता, रेकॉर्ड करा. फ्रिज, पंखा, पंप बंद, सगळे युनिट स्तब्ध. भयपटात शांतता ही संवादापेक्षा जास्त वापरली जाते आणि ती शून्य आवाजाने भरली तर थिएटरात स्पीकर बिघडल्यासारखे वाटते. चारही भागांचे मिक्सिंग एकाच माणसाकडे, एकाच स्टुडिओत. दिग्दर्शक वेगळे, कॅमेरामन वेगळे चालतील. साउंड आणि डीआय (शेवटची रंगजुळणी) एकच हवा. नेटफ्लिक्ससारखे प्लॅटफॉर्म संवादावर मोजलेली लाउडनेस (आवाजाची पातळी) उणे २७ एलकेएफएस या मापात, अधिक-उणे दोन मागतात. थिएटरचे मिक्स तसेच पाठवू नका.

रात्रीचे घरातले प्रसंग दिवसा शूट करा. खिडक्यांना बाहेरून ताडपत्री, आतून दुपदरी काळे कापड. रात्री दोननंतर युनिट मंदावते आणि दिवसाला पटकथेची किती पाने उरकायची हा हिशेब कोलमडतो. एकच जुना वाडा घेऊन चार खोल्यांत चार स्टुडिओ उभे केले तर सामान हलवण्यातले तीन-चार दिवस वाचतात.

कागदपत्रे

कलावंत म्हणजे बोटात सिगारेट, ही सवय सोडा. तंबाखू दिसली की सुरुवातीला आणि मध्यांतरानंतर आरोग्य संदेश, शिवाय त्या प्रत्येक शॉटखाली इशाऱ्याची पट्टी येते. अंधारात भूत उभे आहे आणि खाली पांढऱ्या अक्षरांत कर्करोग. काळे मांजर, कावळा, घुबड काहीही वापरायचे तर भारतीय पशु कल्याण मंडळाची परवानगी शूटच्या आधी लागते. संगणकावर बनवलेला प्राणी असेल तरी तसे जाहीर करावे लागते.

प्रकाशित कथेवरून भाग करत असाल तर लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क वारसांकडे असतात. करारात मुदत लिहिली नाही तर कायद्याने ती ५ वर्षेच धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. ओटीटीवाल्यांचा वकील हे दोन रकाने पहिल्यांदा पाहतो. चित्रे, पुतळे, बंदिशीचे रेकॉर्डिंग यांचेही स्वतंत्र कागद हवेत, आणि पुतळा पडद्यावर फोडायचा असेल तर शिल्पकाराची तशी लेखी संमती.

सेन्सॉर चित्रपट सलग पाहतो. तीन भाग सौम्य आणि एक रक्तबंबाळ असेल तर प्रमाणपत्र रक्तबंबाळ भागाप्रमाणे मिळते. २०२४ पासून यूएचे (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायच्या प्रमाणपत्राचे) ७+, १३+ आणि १६+ असे तीन स्तर आहेत. ‘ए’ (फक्त प्रौढांसाठी) मिळाले तर तीच प्रत टीव्हीवर दाखवता येत नाही, पुन्हा कापून वेगळे प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि तेव्हा चारांपैकी कोणाचे शॉट जाणार यावर भांडण होते. म्हणून चौघांनी मिळून आधीच यूए १६+ ठरवा, आणि प्रत्येकाने वादग्रस्त ठरू शकणाऱ्या शॉटचा एक सौम्य पर्यायी टेक त्याच दिवशी, त्याच लाइटमध्ये घेऊन ठेवा.